मालकांचा आराम

नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. कशाचे मालक, ते विचारायचं नसतं. लग्न होऊन मी लातूरकडून कर्नाटकातल्या हळ्ळीखेडला आले तेव्हा हा शब्द मला नवा नव्हता, माहेरीही तोच होता. नवा होता तो ‘आराम’.

आराम म्हणजे पाठ टेकणं, एवढंच मला ठाऊक. इथं आराम म्हणजे सगळं ठीक असणं. रस्त्यात भेटलेला कानडी माणूस विचारतो, “आराम इद्दीरी?” मराठी माणूस विचारतो, “आराम हाय का?” मशिदीजवळचा चपलांचा दुकानदार विचारतो, “भाई, आराम?” भाषा तीन, शब्द एकच, आणि उत्तरही तेच. आराम. घरात तापानं फणफणलेलं माणूस पडलेलं असलं तरी दारात आलेल्याला आधी आराम म्हणायचं, त्याला पाणी द्यायचं, आणि मग जमलं तर खरं सांगायचं. बहुतेकदा जमत नाही.

माझ्या माहेरी कुणाला ‘बरं हाय का?’ विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो माणूस बूड टेकायचा आणि गुडघ्यापासून सुरू करून सुनेपर्यंत सगळी दुखणी सांगून, चहा पिऊनच उठायचा. त्यामुळं सासरचं हे आराम-आराम मला सुरुवातीला फार सभ्य वाटलं. आता त्या शब्दाचा इतका राग येतो की कुणी विचारलं तर मी तोंड फिरवते. लोक म्हणतात, बाई चिडकी झाली. व्हय, झाली.

मालकांना शुगर निघाली तेव्हा आम्हा दोघांचे केस काळे होते. शुगर निघाली की औषध सुरू व्हायच्या आधी सल्ले सुरू होतात. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी मेथीचं पाणी, कुणी जांभळाच्या बियांची पूड. पुण्याची लेक मोबाइलवर रोज एक व्हिडिओ पाठवायची, त्यात एक गुळगुळीत माणूस हसत हसत सांगायचा की शुगर मुळापासून जाते. आमच्या गल्लीचा हिशोब सरळ होता, कडू खाल्लं की गोड उतरतं. मालक सकाळी कारल्याचा रस प्यायचे आणि दुपारी कुणाच्या बारशाला गेले की त्या रसाच्या जोरावर दोन लाडू खायचे. ज्वारीची भाकरी चालते असं कुणीतरी सांगितलं, तर ताटातली भाकरी दुप्पट झाली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

मी भांडून भांडून त्यांना वळणावर आणलं. गोळी वेळेवर, भाकरी निम्मी, तिच्यासोबत पालेभाजी आणि घट्ट वरण, जेवल्यावर वेशीपर्यंत चालणं, तंबाखू बंद. हे सगळं ते कुरकुरत का होईना करायचे. पण त्यांच्याकडून एक गोष्ट मला कधी काढता आली नाही. तुम्हाला कुठं काय होतंय, ते सांगा. एवढंच मागत होते मी. सोनं नाही मागितलं.

तपासणीला आम्ही कलबुर्गीला जायचो. डॉक्टर भला माणूस. मालक आत गेले की तो हात जोडून कानडीत या म्हणायचा आणि विचारायचा, “बर्री अप्पा, आराम इद्दीरी?” आणि मालक खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायचे, “आराम री.” झालं. दवाखान्याच्या दारात दम लागून कठड्याला धरून उभा राहिलेला हाच माणूस. मी मागून काही बोलायला गेले की ते माझ्याकडं असे बघायचे, जणू मी पाहुण्यांसमोर घरातलं उष्टं खरकटं काढते आहे. निघताना डॉक्टर म्हणायचा, जरा आराम करा. बाहेर आल्यावर मालक हसायचे. म्हणायचे, “आरामच हाय म्हनून सांगितलं की त्याला. मंग आनिक कामून करू?”

मी एकदा बसमध्ये चिडून विचारलं होतं, की डॉक्टर काय पाहुणा आहे का? त्याला तरी खरं सांगा. ते म्हणाले, “आमचा अप्पा म्हनायचा, इचारनाऱ्याच्या पदरात आपलं दुखनं टाकू न्हाई. त्यानं मायेनं इचारलं, आपन आराम म्हनावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी म्हणाले, मुठीत विंचू असला तरी? मला त्यांच्या त्या उत्तराचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ती चपलेची गोष्ट झाली. मालक बाजारातून घरी आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरा पाय अनवाणी, धुळीनं पांढरा झालेला. मी विचारलं, चप्पल कुठाय? त्यांनी खाली बघितलं आणि त्यांनाच नवल वाटलं. चप्पल पायातून निसटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. शेजारची हसली, मालकही हसले, म्हणाले, म्हातारा झालो. मी नाही हसले. पायातली चप्पल गेलेली पायाला कळत नाही, म्हणजे पायाला काय कळतंय?

पुढच्या खेपेला त्यांचं आराम री ऐकून न घेता मी डॉक्टरला चपलेचं सांगितलं. डॉक्टरनं त्यांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि एक बारीक ताठ दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवत विचारू लागला, कळतंय का? मालक प्रत्येक वेळी कानडीत होय म्हणत, “हौद्री.” एकदा डॉक्टरनं दोरा उचललाच, कुठंच लावला नाही, आणि विचारलं, कळतंय का? मालक म्हणाले, “हौद्री, कळतंय की.” डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मला तिथंच भिंतीला डोकं टेकावंसं वाटलं.

त्यानंतर त्यानं मला बसवून सांगितलं. शुगरनं पायाच्या नसा मेल्यात. आता पायाची राखण डोळ्यांनी करायची. रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. बुटात पाय घालायच्या आधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा. अंघोळीचं पाणी दुसऱ्यानं हात घालून बघायचं, शेकोटीला पाय धरायचा नाही, कुरूप ब्लेडनं कापायचं नाही. आणि जखम झाली, कितीही बारीक असो, दुखत नसली तरी, त्याच दिवशी दवाखाना. न दुखणारी जखमच वाईट, असं तो दोनदा म्हणाला.

मी हे सगळं देवाच्या आरतीसारखं पाठ केलं. रोज दिवेलागणीला त्यांचा पाय मांडीवर घेऊन बघायची. त्यांना ते नको व्हायचं. ओसरीवर कुणी आलं की पाय ओढून घ्यायचे. बायकोनं पाया पडावं, पाय तपासू नयेत, असा तो मामला. तरी वर्षभर ते चाललं. मला वाटलं, आपण जिंकलो.

आणि येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळी शेतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकंभर आंबील. पूजा झाली की घरच्या कर्त्या माणसानं रानाच्या कडेकडेनं आंबील शिंपत फिरायचं. मी त्यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट नेले होते. त्यांनी बुटांकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “लक्ष्मीच्या अंगावर बूट घालून नाचू काय?” मी म्हणाले, निदान मोजे घाला. तर म्हणाले, “लोकं हसायलेत बघ.” कुणी हसत नव्हतं. बांधाबांधावर लोक आपापल्या कोपीपुढं जेवायला बसले होते.

आमच्या रानात त्या वर्षी तुरीचा पट्टा नुकताच कापलेला होता. कापलेल्या तुरीचं धसकट काय असतं, ते ज्याच्या पायात घुसलं त्यालाच विचारावं. तासलेली खुंटीच ती. मी ओरडले, तिकडून जाऊ नका, कडेनं जा. ते हाळी देत, आंबील शिंपत, त्यातूनच चालत गेले आणि हसत परत आले. घोंगडीवर बसून सगळ्यांबरोबर जेवले. दोन-तीन रस्त्याचे वाटसरू बोलावून आणले, त्यांना आग्रह करकरून वाढायला लावलं. कुणीतरी विचारलं, “आराम हाय का?” ते म्हणाले, “एकदम आराम.”

मी उष्टी काढायला वाकले तेव्हा घोंगडीवर रक्त दिसलं. काळ्या घोंगडीवर ते नुसतं ओलं दिसत होतं, हात लावल्यावर लाल झाला. त्यांचा डावा पाय उचलून बघितला तर टाचेपाशी धसकटाचा तुकडा आत मोडलेला. मी तो दोन बोटांनी धरून ओढून काढला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या बांधावरच्या माणसाशी पावसाचं बोलत होते, ते तसेच बोलत राहिले. रक्ताला मी घाबरले नाही, पण त्या बोलण्याला घाबरले.

त्याच संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला या आणि लगेच कलबुर्गीला दाखवा म्हणाला. कलबुर्गीचं नाव काढलं की मालक म्हणायचे, तूर मळणीला आली आहे, दोन दिवस थांब. पट्टीला ते एकटेच जायचे, मोटरसायकलवर. मी सोबत येते म्हटलं की गाडीला किक मारून निघून जायचे. घरी पट्टी सोडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, डॉक्टरनं सोडू नको म्हनलंय. पाय कसा आहे? “आराम पडायलाय.” मी भांडले, रडले, लेकीला फोन लावून दिला. लेकीलाही त्यांनी तेच सांगितलं. लेक मला म्हणाली, आई, ते म्हणतायत ना बरं आहे, तू उगीच घाबरतेस. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझे हात दुखले.

मग त्यांनी आपलं अंथरूण घरातून ओसरीवर नेलं. घरात उकडतंय म्हणाले. पौषातली थंडी, माणसं दोन दोन चादरी घेऊन झोपत होती, आणि ह्यांना उकडत होतं. जन्मात ज्यांनी देवापुढं उदबत्ती लावली नाही, त्यांच्या उशाशी उदबत्त्या जळायला लागल्या. वास आला आणि मला कळलं. उदबत्तीचा नाही, तिच्या आडून येणारा दुसरा.

दुपारी जेवून ते खाटेवर लवंडले होते. मी पायाशी बसले आणि पट्टी सोडायला लागले. कापूस जखमेला चिकटला होता, तो पाण्यानं भिजवून ओढावा लागला. दुसरा कुणी असता तर किंचाळून उठला असता. मालक घोरत होते. मी शेवटचा पदर सोडला तरी ते घोरतच होते. टाच काळी पडली होती, आणि काळं बोटांकडं सरकलं होतं. पट्टी रोज बदललेली नव्हती हे आंधळ्यालाही कळलं असतं. गाडी घेऊन ते रोज कुठं जाऊन बसत होते, ते मी आजवर विचारलेलं नाही.

जीप करून आम्ही त्याच दिवशी कलबुर्गी गाठली. तोच डॉक्टर. त्याच्या हातात कसले तरी कागद होते, आमच्याकडं न बघताच तो सवयीनं म्हणाला, “बर्री अप्पा, आराम इद्दीरी?” आणि स्ट्रेचरवर पडलेल्या माझ्या नवऱ्यानं, काळा पाय उघडा ठेवून, हात जोडले आणि म्हटलं, “आराम री.”

माझ्या तोंडून काय निघालं ते मला नीट आठवत नाही. आधी मराठीत ओरडले, आराम नाही म्हणून, मग डॉक्टरला कळावं म्हणून तेच कानडीत, “आराम इल्ला री! आराम इल्ला!” बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून दारात आली. मालकांनी डोळे मिटून घेतले. नंतर मला एकांतात म्हणाले, “चार लोकांत इज्जत घालीवलीस.” पाय सडला त्याचं काही नाही. इज्जत गेली.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टरनं त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू कुणी त्यांच्याकडं बैलगाडी उसनी मागत होतं. आधी आणला असता तर बोटांवर भागलं असतं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. सांगता येत असणार. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं सांगितलं नाही. तोही शेवटी याच मातीतला.

आता गावातल्या बाया माझ्याकडं येतात. कुणाच्या नवऱ्याला शुगर, कुणाला स्वतःला. मी सांगते, रोज पाय बघा, अनवाणी फिरू नका, मुंग्या आल्या, आग झाली, चप्पल निसटली तर लगेच बोला. त्या व्हय व्हय म्हणतात. जाताना मी विचारते, तुझे पाय कसे आहेत गं? म्हणतात, आराम हाय अक्का. आणि दाराबाहेर अनवाणीच उतरतात, कारण चपला घालून आलेल्याच नसतात. पूर्वी मी त्यांच्या मागं ओरडायची. आता ओरडत नाही. सल्ला ऐकणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा नसतो, आणि आमच्या गावात ऐकणारं कुणी नाही, हे मला मान्य करावं लागलं. हे लिहितानाही कुणी वाचून आपला पाय बघेल, असं मला वाटत नाही.

मालक ओसरीवर खाटेवर असतात. बघायला येणाऱ्याला आराम सांगतात. उरलेला उजवा पाय मी रोज बघते, आता ते पाय ओढून घेत नाहीत. बोलतही नाहीत. लाकडी पायाचं माप द्यायला चला म्हटलं तर भिंतीकडं तोंड करतात.

परवा दुपारी मी अंगणात तूर निवडत होते. त्यांनी हाक मारली. हाकेचा आवाज वेगळा होता, सूप तसंच टाकून मी गेले. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, “पाय दुखायलाय. लई दुखायलाय.”

मी चादर बाजूला केली आणि उजवा पाय दोन्ही हातांत घेतला. तळवा, बेचके, टाच, सगळं उजेडात फिरवून बघितलं. कुठं काही नव्हतं, पाय ऊन होता, नीट होता. मी म्हणाले, “ह्यो तर चांगला हाय की वो.”

“ह्यो न्हाई,” ते म्हणाले. “त्यो. डावा. चेप जरा.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी खाली बसले. विचारलं, “कुठं दुखायलाय, नीट सांगा.”

“टाचंला,” ते म्हणाले. “धसकट घुसलंय तितं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला दुखण्याची जागा सांगितली. मी तिथं हात ठेवला. तिथं गादी होती.